ग्रॅमभाऊ आणि फिरणारं वजन

लेक ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन परत आली. सोबतीला गेलेल्या, बापाच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरने गाडी दारात लावली. ग्रॅमभाऊ बाहेर आले. त्यांनी आधी गाडीच्या चारही चाकांकडे पाहिलं आणि मग लेकीच्या तोंडाकडे.

“पुन्हा चढावरच?”

“चढावरच,” लेक म्हणाली. “थांबवली, क्लच सोडला, बंद पडली आणि मागे घसरली. इन्स्पेक्टरने उडी मारली म्हणून त्याचा पाय वाचला.”

“तू रेस कमी देतेस.”

“मागच्या खेपेला तुम्ही जास्त दे म्हणालात. जास्त दिली. तरी बंद पडली.”

“म्हणजे अजून जास्त द्यायला हवी होती. नाचता येईना, अंगण वाकडं.”

लेक आत गेली. वेल्डरने चावी ग्रॅमभाऊंच्या हातात ठेवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि आपल्या वाटेने निघून गेला.

लेकीला लायसन्स मिरवायला नको होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना व्यायाम देऊन पुन्हा पायावर उभं करायचं शिक्षण तिने घेतलं होतं. एका दवाखान्याने तिला तात्पुरतं घेतलं होतं. काम रुग्णांच्या घरी जाऊन करायचं होतं आणि घरं गावभर विखुरलेली होती. महिनाअखेर लायसन्स दाखवलं तर नोकरी कायम, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. ती दुसरी मुलगी कामात हिच्या पासंगालाही पुरत नव्हती, पण चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे नेऊ शकत होती. महिना संपायच्या आत परीक्षेची आणखी एकच तारीख मिळत होती.

आता ग्रॅमभाऊंविषयी. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वेल्डरने ठेवलं आणि असं चपखल बसलं, की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर स्वतः ग्रॅमभाऊच मागे वळून बघत, कोणाला बोलावताहेत म्हणून. वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. ट्रकच्या ब्रेकचे झिजलेले ड्रम लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून तासायच्या यंत्रावर, चढवून सारखे करणं हे त्यांचं काम. हात चोख होता. हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण पुढे तसं सांगायची संधी फारशी येणार नाही.

त्यांचा एक सिद्धांत होता. केस कापायला बसलेल्या माणसालाही ते तो ऐकवत, कारण त्याला उठून जाता येत नसे.

“गाडीत वजन दोन जातीचं असतं. एक बसलेलं, एक फिरणारं. डिकीतलं पोतं नुसतं वाहून न्यावं लागतं. चाकाला पुढेही न्यावं लागतं आणि वर गरगर फिरवावंही लागतं. म्हणजे एकाच वजनासाठी इंजिन दोनदा राबतं. फिरणारं वजन कमी करा, गाडी वाऱ्यासारखी सुटेल.”

हे म्हणणं चूक नव्हतं. ग्रॅमभाऊंचं दुर्दैव ते हेच. चूक असतं तर कोणीतरी वेळेवर कान धरला असता.

“मग भाऊ, या पुढच्या डिकीचं काय?” एकदा जेवणाच्या सुट्टीत वेल्डरने त्यांच्या पोटावर थाप मारून विचारलं.

“ते बसलेलं वजन. ते फिरत नाही.”

“फिरत कसं नाही? आत्ताच सगळ्यांच्या डब्यांवरून फिरून आलं की!”

घरात एकच गाडी. लहानशी, दुसऱ्याने वापरून कंटाळून विकलेली. तिच्यावर ग्रॅमभाऊंनी संसारापेक्षा जास्त लक्ष दिलं. चाकांच्या शोभेच्या टोप्या काढल्या. चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल ते दात घासायच्या ब्रशने काढत. ब्रश जुना असे, पण नेहमी त्यांचाच असे असं नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा चाकांचे नट ग्रॅमग्रॅम तोलण्यासाठी अंगणात गेला तो परत आलाच नाही. पोलादी चाकं जाऊन ॲल्युमिनियमची आली. ती खरंच हलकी होती आणि पहिल्याच खड्ड्यात हलकेच वाकली. ती ठोकून सरळ केली, म्हणजे जवळजवळ सरळ.

या सगळ्याचा उपयोग झाला. वर्कशॉपच्या वाटेवर रेल्वेचं फाटक होतं आणि सकाळी ते बंद असे. पूर्वी ग्रॅमभाऊ फाटकापाशी येऊन थांबत. आता ते लवकर येऊन जास्त वेळ थांबू लागले.

मग गेल्या वर्षी क्लचची प्लेट झिजली. ती बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवला आणि आत फ्लायव्हील दिसलं. इंजिनाच्या शेवटी बसलेली, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड, जड तबकडी. इंजिनाबरोबर सतत फिरणारी. मिठाईच्या दुकानात मोकळं सोडलेल्या पोराची जी गत, तीच ग्रॅमभाऊंची झाली.

त्यांनी ते लेथवर चढवलं. बिडाचा कीस निघत नाही, काळा भुगा निघतो. तो नाकात, कानात, नखांत जाऊन बसतो आणि आठवडाभर रुमालावर उतरत राहतो. ग्रॅमभाऊ दिवसभर तो भुगा अंगावर घेत उभे होते. बारीक बारीक कट घेत मागच्या अंगाने त्यांनी जवळपास तिसरा हिस्सा बीड खरवडून काढलं आणि मग तबकडीचा तोल केसभरही इकडेतिकडे नाही इतका जुळवला.

“भाऊ, बीड आहे ते,” वेल्डर म्हणाला. “फार खाल्लंत तर एक दिवस फुटून पायात येईल.”

“कुठून खायचं ते मला कळतं.”

ते त्यांना खरंच कळत होतं. काम कुठेही कमी नव्हतं. फक्त ते करायला नको होतं.

तेव्हापासून ग्रॅमभाऊंची गाडी आधी किंचाळे आणि मग निघे. रेसवर पाय दाबून इंजिनाला बोंब मारायला लावायची आणि मगच क्लच सोडायचा. नाहीतर ती बंद पडे. हे त्यांच्या पायाला न सांगता जमलं होतं, म्हणून त्यात काही वावगं आहे असं डोक्याला वाटलं नाही. उलट, “काय आवाज आहे बघ,” असं ते बायकोला सांगत. आवाज शेजाऱ्यांनीही बघितला होता.

नापास झाल्याच्या दिवशी लेक संध्याकाळी लवकर झोपायला गेली. ग्रॅमभाऊ ताटावर बसले. बायको त्यांच्यासमोर भिंतीकडेच्या शिवणयंत्रावर होती. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवून देई. जाड रेक्झीन, पायाने मारायचं जुनं मशीन.

“तुम्ही तिला आज काय म्हणालात? आणखी रेस दे?”

“मग काय तर. हात आखडता घेतला तर गाडी चढेल का?”

“मलाही तुम्ही हेच म्हणाला होतात.”

“तुला? तू कधी गाडी शिकलीस?”

“गाडी नाही. मशीन. तुम्ही माझ्या मशीनचं चाक तासून आणलंत तेव्हा.”

ग्रॅमभाऊंनी घास चावायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. ते प्रकरण त्यांनी मनातून काढून टाकलं होतं. बायकोचे पाय दुखतात म्हणून एकदा त्यांनी प्रेमाने मशीनचं मोठं लोखंडी चाक वर्कशॉपमध्ये नेऊन हलकं करून आणलं होतं. बायकोला दिलेली तेवढीच एक न मागितलेली भेट.

“साध्या कापडावर पळायचं ते,” बायको म्हणाली. “रेक्झीनची घडी आली, की सुई रुतून बसायची. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, पाय जोरात मार. मी जोरात मारले. पोटऱ्या सुजल्या. शेवटी मोडक्या मशीनचं जुनं जड चाक आणून बसवलं, आणि तीच घडी एका दमात शिवली गेली. आठवतं?”

“शिवणयंत्र आणि मोटार यात फरक असतो.”

“असतो ना. मशीन मी चालवते, मोटार ती चालवते. बिघडवणारे मात्र एकच.”

“हे बघ, फिरणारं वजन...”

“फिरणारं वजन मला सांगू नका. जन्म त्याच्यावर पाय मारण्यात गेलाय माझा. चाक जड असतं ते उगाच नाही. सोप्या जागी मी मारलेले पाय ते धरून ठेवतं आणि अवघड जागा आली की परत देतं. तुम्ही ते परत देणंच कापून टाकलंत. माझंही आणि तिचंही.”

यावर ग्रॅमभाऊंनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर जायच्या आधी गाडी घेऊन पाण्याच्या टाकीकडच्या चढावर गेले. मधोमध थांबवली. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती एखाद्या साध्या, शिकाऊ माणसासारखी चालवून पाहिली. किंचाळी नाही, बोंब नाही. हळूच रेस, हळूच क्लच.

गाडी एकदा थरथरली आणि बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा ती बंद पडून मागे घसरली तेव्हा मागच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं.

“काका, मागे शिकाऊची पाटी तरी लावा!”

अंगण खरोखरच वाकडं होतं. वाकडं करणाऱ्याने ते लेथवर चढवून, तोल जुळवून, अगदी चोख वाकडं केलं होतं.

वर्कशॉपमध्ये पोचल्यावर त्यांनी वेल्डरला बाजूला घेतलं. “तुला ठाऊक होतं?”

“संशय होता. काल दारात सांगणार होतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“भाऊ, पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, तर निदान आपल्या घरचं तरी नसावं.”

काढलेलं बीड परत चढत नाही. टाका उसवला तर पुन्हा घालता येतो, भुगा झालेलं लोखंड कचऱ्याच्या पिंपातून निघून कधीच गेलेलं असतं. ग्रॅमभाऊ भंगारवाल्याकडे गेले. याच माणसाकडे ते कित्येक वर्षं हलकी चाकं, हलके बोल्ट, हलकी पुली हुडकत आले होते.

“या भाऊ. आज काय हलकं देऊ?”

“फ्लायव्हील पाहिजे. याच मॉडेलचं. मूळचं. जड.”

भंगारवाला टायरच्या ढिगामागून उठून पुढे आला आणि त्याने ग्रॅमभाऊंकडे नीट पाहिलं. “तब्येत बरी आहे ना?”

एका उलट्या पडलेल्या गाडीच्या पोटात हवं ते मिळालं. गंजलेलं, पण धड. ग्रॅमभाऊंनी ते लेथवर घेतलं आणि क्लच जिथे टेकतो तेवढीच बाजू घासून साफ केली. हात शिवशिवत होते. कडेला इतकं जादा बीड दिसत होतं, की एवढीशी कड मारली असती तर कोणाला कळलंही नसतं. त्यांनी लेथ बंद केलं आणि हात खिशात घातले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. लेक रुग्णांकडे गेली होती. ग्रॅमभाऊंनी दारातच गाडी ठोकळ्यांवर उचलली आणि पाठीवर पडून खाली शिरले. हे काम बोलायला सोपं आहे. डोळ्यांत माती पडते, बोल्ट जिथे हात पोचत नाही तिथेच असतात आणि शेवटचा बोल्ट सुटल्यावर गिअरबॉक्स कोणाची वाट न बघता खाली येतो. तो ग्रॅमभाऊंच्या पोटावर आला. जॅक म्हणून पोट उत्तम चाललं. बायको गुडघ्यांवर बसून बॅटरीचा उजेड धरून होती आणि हवा तो पाना मागायच्या आधी देत होती.

“तिला सांगा,” ती म्हणाली.

“सांगतो.”

“काय सांगाल?”

“क्लचचं थोडं काम केलं म्हणून.”

“आणि?”

“आणि काय?”

“आणि दोनदा नापास तू झाली नाहीस, मी झालो, हे?”

गाडीखालून हात आला. “सतराचा पाना दे.”

चढवताना पोट कामाचं नव्हतं. पोटाने वस्तू खाली घेता येते, वर ढकलता येत नाही. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या भोकात बसेपर्यंत दोघांनी मिळून तो छातीवर, गुडघ्यावर, पायांच्या तळव्यांवर घेतला. बसला तेव्हा बायकोची साडी आणि नवऱ्याचा सदरा एकाच रंगाचे झाले होते. गाडी सुरू केली. ती न किंचाळता सुरू झाली आणि न थरथरता चालत राहिली. ग्रॅमभाऊंनी कपाळाला आठी घातली. म्हातारी झाल्यासारखी वाटत होती.

संध्याकाळी लेक आली तेव्हा गाडी जमिनीवर होती आणि ग्रॅमभाऊ आंघोळ करून बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचा हिशोब सरळ होता. उद्या ती पास होईल. तिला वाटेल आपल्याला जमलं. जगाला वाटेल बापाने शिकवलं. यात कोणाचंच नुकसान नव्हतं. बायकोने तीनदा खाकरून पाहिलं. चौथ्यांदा तिने मशीनवर बसून इतक्या जोरात पाय मारले, की बोलणं ऐकूच येईना.

सकाळी गाडी ग्रॅमभाऊंनीच चालवत नेली. “आज शांत आहे गाडी,” लेक म्हणाली.

“सकाळची हवा थंड असते,” ग्रॅमभाऊ म्हणाले.

परीक्षेच्या मैदानावर सिमेंटचा चढ होता. वरच्या टोकाला आडवा खांब आणि खांबापाशी इन्स्पेक्टर. ग्रॅमभाऊ पत्र्याच्या डब्यांना बांधलेल्या दोरीच्या बाहेर इतर बापांमध्ये उभे राहिले. लेकीचा नंबर आला. तिने चढाच्या तोंडाशी गाडी आणली, ओठ दाताखाली धरला आणि बापाने शिकवल्याबरहुकूम रेस दिली. भरपूर दिली. इंजिन असं ओरडलं, की सगळ्या मैदानाने मान वळवली.

तेव्हा कुठे ग्रॅमभाऊंच्या डोक्यात उजेड पडला. आता तबकडी जड होती. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या जड तबकडीवर क्लच सोडला, की गाडी बंद पडणार नव्हती. ती बेडकासारखी उडी मारणार होती, खांबावर आणि इन्स्पेक्टरवर. त्याच्या पायाची ही दुसरी खेप ठरली असती.

“थांब! अगं थांब!”

ते दोरीखालून वाकले. पोट अडकलं. मग त्यांनी दोरीसकट पळायला सुरुवात केली आणि दोरीच्या दोन्ही टोकांचे डबे खडखडत त्यांच्यामागे निघाले.

“ओ काका! बाहेर व्हा!” इन्स्पेक्टर वरून ओरडला. “परीक्षा तुमची आहे की तिची?”

“माझीच होती साहेब, दोन्ही वेळा. तुम्ही नापास मात्र हिला केलंत.”

खिडकीची काच खाली आली.

“रेस कमी कर,” ग्रॅमभाऊ धापा टाकत म्हणाले. “नुसता पाय टेकव. गाडी बंद पडत होती ती माझ्यामुळे. आतलं फ्लायव्हील मी तासून हलकं केलं होतं. तुझा पाय बरोबर होता. आता मूळचं जड बसवलंय.”

“कधी?”

“काल.”

“आणि आत्ता सांगताय?”

“आत्ता.”

इन्स्पेक्टर खाली उतरून आला होता. “झालं का घरगुती बोलणं? मॅडम, गाडी मागे घ्या आणि रांगेच्या शेवटी लावा. सगळ्यांचं झाल्यावर. आणि काका, ती दोरी होती तशी बांधून द्या.”

ती रांगेच्या शेवटी गेली. रांग मोठी होती आणि मुंगीच्या पावलाने सरकत होती. पुढची गाडी एक हात हलली, की तिला एक हात हलावं लागे. पहिल्यांदा तिची गाडी हिसका मारून पुढे गेली. मग हिसका लहान झाला. मग राहिलाच नाही. बाजूने पाहणाऱ्याला ती नुसती कंटाळून बसलेली वाटली असती. ग्रॅमभाऊ दोरीला गाठी मारत तिच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. चाक कुठे जोर घेतं आणि कुठे सोडतं हे त्यांना कळत होतं. तिने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिची पाळी आली. ती चढली, मधोमध थांबली. हातब्रेक. इन्स्पेक्टर या वेळी चांगला लांब उभा होता. त्याने हात हलवला. इंजिनाचा आवाज किंचित जाड झाला, गाडीचं नाक बोटभर उचललं गेलं आणि ती एका जागी तशीच तोलून राहिली. ना पुढे, ना मागे. मग हातब्रेक सुटला आणि ती वर गेली, पायऱ्या चढणाऱ्या माणसासारखी.

पास झाल्याचा कागद घेऊन लेक बाहेर आली. “चावी द्या,” असं म्हणायचीही गरज नव्हती, चावी तिच्याकडेच होती. ती चालवायला बसली. ग्रॅमभाऊ बाजूला बसले आणि पट्टा लावला.

मैदान मागे पडलं.

“मी दवाखान्यात सांगणार होते, जागा दुसरीला द्या म्हणून,” लेक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

“का?”

“मी लोकांना काय सांगते दिवसभर? पाय कुठे टेकवा, भार कसा टाका, घाबरू नका, जमेल. आणि माझाच पाय मला कळत नाही, असं वाटायला लागलं होतं. तुम्ही रोज तेच तर सांगत होतात.”

ग्रॅमभाऊंनी तोंड उघडलं. “त्याचं काय आहे, फिरणारं वजन...”

“बाबा.”

त्यांनी तोंड मिटलं. लोखंड त्यांनी आयुष्यभर मापून काढलं होतं, पण यात किती गेलं आणि ते कशाने भरायचं, याचं माप त्यांच्याकडे नव्हतं. “तुझा पाय चांगला आहे,” ते शेवटी म्हणाले. “रांगेत पाहिला मी.”

लेकीने मान हलवली. हो म्हणून की पुरे म्हणून, ते कळलं नाही.

वर्कशॉपच्या दारात तिने त्यांना उतरवलं. “मी दवाखान्यात कागद दाखवून रुग्णांकडे जाते. उद्यापासून गाडी मला लागेल. आणि बाबा, बॉनेटला हात लावायचा असेल तर आधी मला विचारायचं.”

“विचारीन.”

गाडी निघाली. आवाज न करता निघाली, वळणावर दिवा दाखवून वळली. वेल्डर चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आला.

“झाली का पास?”

“झाली. चोख झाली.” ग्रॅमभाऊ वळणाकडे बघत राहिले. “पण गाडीची उचल पाहिलीस का? नुसती म्हैस झालीय म्हैस.”